एंटरप्राइझ यानाचे प्लास्टिक मॉडेल जोडणे आणि उजळवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतील एंटरप्राइझ या यानाचे किट जोडून त्यात दिवे बसवू इच्छिणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. एलईडी बसवायला एखादी संध्याकाळ पुरते. त्यांचा प्रकाश नको तिथून बाहेर पडू नये यासाठी मात्र पुढचे दोन आठवडे जातात. म्हणून खालच्या उत्तरांत दिव्यांपेक्षा अंधाराविषयी जास्त लिहिलेले आढळेल.

पहिल्यांदाच करायचे असेल तर कोणत्या आकाराचे किट घ्यावे?

कथेनुसार मूळ एंटरप्राइझची लांबी ९४७ फूट, म्हणजे सुमारे २८९ मीटर आहे. त्यामुळे १:१००० प्रमाणातील मॉडेल साधारण २९ सेंटिमीटर लांब होते आणि १:३५० प्रमाणातील मॉडेल साडेब्याऐंशी सेंटिमीटरच्या आसपास जाते. पोलर लाइट्स या नावाने ही दोन्ही किटे मिळतात. मोठ्या किटमध्ये खिडक्यांसाठी पारदर्शक तुकडे, नॅसेलच्या, म्हणजे यानाच्या मागच्या दोन लांब नळकांड्यांच्या, टोकांना दुहेरी घुमट आणि आत फिरणारी पाती अशी दिव्यांची सोय धरूनच रचना केलेली आहे; लहान किटमध्ये खिडक्या डेकलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांच्या, असतात आणि त्या उजळायच्या तर भोके आपणच पाडावी लागतात.

यावरून मोठे किट सोपे असा निष्कर्ष निघतो, आणि तो अर्धाच खरा आहे. मोठ्या किटमध्ये हात आत जातो, तारा मावतात, चूक झाली तर सुधारता येते. पण त्याची किंमत लहान किटच्या अनेक पट असते, आणि इतके महाग प्लास्टिक समोर असले की नवशिक्याचा हात आखडतो. माझे मत असे की पहिले मॉडेल १:१००० चे करावे आणि त्यात फक्त नॅसेलचे घुमट व पुढच्या गोल तबकडीवरचे दोन दिवे उजळवावेत. खिडक्यांचा मोह दुसऱ्या मॉडेलसाठी राखून ठेवावा.

मूळ यानात दिवे कसे होते? नक्कल नेमकी कशाची करायची?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, पण खरे तर सुरुवात इथूनच व्हायला हवी. यानाचे रेखाटन मालिकेचे कलादिग्दर्शक मॅट जेफ्रीज यांचे. चित्रीकरणासाठी १९६४ साली जे मोठे मॉडेल बनवले गेले ते सुमारे ३.४ मीटर लांबीचे, मुख्यतः लाकूड आणि प्लास्टिकचे होते. पहिल्या चाचणी भागाच्या वेळी त्यात दिवे नव्हतेच. ते नंतर बसवले गेले. दिव्यांच्या तारा यानाच्या डाव्या बाजूने आत सोडल्या होत्या, त्यामुळे ती बाजू कॅमेऱ्यापुढे आणता येत नसे आणि तिच्यावर बारीक कामही केले गेले नाही.

नॅसेलच्या टोकाच्या नारिंगी घुमटांत जी भिरभिरणारी आग दिसते, ती कशी केली होती हे कळल्यावर या छंदावरचा विश्वास वाढतो. आत नाताळच्या माळेतले छोटे रंगीत बल्ब, आरशाचे फुटके तुकडे आणि त्यांच्यापुढे मोटरने फिरणारी पाती, एवढेच साहित्य. हे मॉडेल १९७४ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या विमान व अंतराळ संग्रहालयाकडे आले. तिथे झालेल्या शेवटच्या मोठ्या जतनकार्यानंतर २०१६ साली ते पुन्हा प्रदर्शनात मांडले गेले, आणि आता त्यात एलईडी आहेत. तबकडीच्या वरच्या पृष्ठभागावरचा रंग मात्र मूळचाच राखला आहे.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. मूळ दिवे तापणाऱ्या तारेचे होते, म्हणजे त्यांचा पांढरा रंग पिवळसर होता. बाजारातला नेहमीचा थंड पांढरा एलईडी लावला की यान दवाखान्यासारखे दिसते. खिडक्यांसाठी ३००० केल्व्हिनच्या आसपासचा उबदार पांढरा एलईडी घ्यावा.

कोणती हत्यारे आणि कोणते साहित्य लागते?

प्लास्टिक कापायचा निपर, धारदार पाते, हाताने फिरवायचे छोटे ड्रिल आणि ०.५ ते १ मिलिमीटरचे बिट, ४०० ते २००० नंबरचे वॉटर पेपर, चिमटे, प्लास्टिक विरघळवून जोडणारा पातळ सिमेंट, बारीक टोकाची सोल्डरिंग इस्त्री, मल्टिमीटर, उष्णतेने आकसणारी नळी आणि फेविकॉल. मल्टिमीटर नसेल तर काम सुरूच करू नये. दिव्यांचे सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तापकीर गल्लीत सुटे मिळते. दुकानातच एखादा एलईडी लावून रंग बघून घ्यावा. ‘वॉर्म’ अशी चिठ्ठी असलेल्या पाकिटातून मला एकदा चक्क जांभळट पांढरे दिवे मिळाले होते आणि ते घरी आल्यावरच कळले.

कामाचा क्रम काय असावा?

किटसोबतच्या सूचनापत्रात जो क्रम असतो तो दिवे नसलेल्या मॉडेलसाठी असतो आणि तो जसाच्या तसा पाळला तर तिसऱ्या पायरीवर अडकायला होते. आधी सगळे भाग चिकटपट्टीने तात्पुरते जोडून यान उभे करावे आणि कागदावर त्याचा आडवा छेद काढावा : तार कुठून शिरणार, कुठून वळणार, कुठे डाग द्यायचा (म्हणजे सोल्डर करायचे), कोणता सांधा सर्वांत शेवटी बंद होणार. एंटरप्राइझमध्ये वीज यान ज्यावर उभे असते त्या बैठकीतून खालच्या धडात येते, तिथून मानेतून वर तबकडीत जाते आणि पायलॉनमधून, म्हणजे नॅसेल पेलणाऱ्या तिरक्या खांबांतून, दोन्ही नॅसेलमध्ये जाते. म्हणजे धड हे जंक्शन ठरते, आणि म्हणून धड शेवटी बंद करायचे. त्यानंतर भोके पाडणे, आतून काळा व पांढरा रंग देणे, दिवे बसवणे, चोवीस तास सलग पेटते ठेवून पाहणे, आणि मगच सिमेंटची बाटली उघडणे.

चोवीस तासांची चाचणी अनेकांना अतिरेकी वाटते. पण कच्चा डाग पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडत नाही. तार तापते, निवते, किंचित हलते आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी एक दिवा मालवलेला दिसतो. तो उघड्या यानात दिसलेला बरा.

दिवे लावल्यावर पूर्ण यानच उजळून निघते. काय चुकले?

काहीही चुकले नाही. फक्त अर्धे काम व्हायचे राहिले आहे. किटचे पॉलिस्टायरीन दीड-दोन मिलिमीटर जाडीचे आणि फिक्या रंगाचे असते आणि त्यातून प्रकाश सहज झिरपतो. माझे पहिले यान मी मोठ्या कौतुकाने अंधारात पेटवले तेव्हा ते आकाशकंदिलासारखे दिसत होते. खिडक्या कुठे आहेत हेच कळेना, कारण भिंतीही तितक्याच उजळल्या होत्या.

उपाय आतून करायचा. प्रथम आतल्या पृष्ठभागावर काळ्या रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात वाळल्यावर अंधाऱ्या खोलीत मोबाइलची टॉर्च आत धरून बाहेरून पाहावे. जिथे तांबूस डाग दिसतो तिथे रंग पातळ बसला आहे असे समजावे. बहुधा हे कोपऱ्यांत आणि खिडक्यांच्या कडांशी आढळते. काळा पूर्ण बसल्यावर त्यावर पांढरा हात द्यायचा. तो विसरला तर काळा रंग सगळा प्रकाश गिळतो आणि दुप्पट एलईडी लावावे लागतात. तो दिला तर प्रकाश आतल्या आत उसळून दूरच्या खिडक्यांपर्यंत पोहोचतो. काळा रंग बाहेरून देऊ नये. बाहेरून दिला तर वरचा फिका राखाडी रंग झाकून बसायला चार हात जास्त लागतात आणि तोवर बारीक कोरीव रेषा बुजून जातात.

भिंती झाल्या तरी सांधे उरतातच. दोन अर्धी जिथे जुळतात तिथे केसाएवढी फट असली तरी अंधारात ती तापलेल्या तारेसारखी दिसते. अशा सांध्यांना आतून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावण्याचा सल्ला बहुतेक जण देतात आणि तो योग्यही आहे, फक्त ती पट्टी वीजवाहक असते हे सांगायचे राहून जाते. माझ्या एका मॉडेलमध्ये तारेचे सोललेले टोक त्या पट्टीला टेकले आणि अडॅप्टर बंद पडला. तासभर मी अडॅप्टरलाच दोष देत होतो. पट्टीजवळून जाणाऱ्या प्रत्येक जोडावर आकसणारी नळी चढवलीच पाहिजे.

शेवटचा बारकावा खोल्यांचा. सगळ्या खिडक्या एकाच वेळी, एकाच तेजाने उजळलेल्या दिसल्या तर यान खेळण्यासारखे वाटते. पातळ प्लास्टिकच्या पत्र्याचे काळे पडदे आत उभे करून काही खिडक्यांमागे अंधार ठेवावा. मूळ यानावरही काही खिडक्या काळ्याच होत्या.

रेझिस्टर किती ओमचा लावावा?

पुरवठ्याच्या व्होल्टेजमधून एलईडीचे व्होल्टेज वजा करावे आणि हव्या त्या करंटने भागावे. पांढरा, निळा आणि बहुतेक हिरवे एलईडी सुमारे ३ ते ३.४ व्होल्ट घेतात. तांबडा आणि पिवळा सुमारे २ व्होल्ट. साधा ५ मिलिमीटरचा एलईडी २० मिलिॲम्पिअरपर्यंत सहन करतो, पण मॉडेलमध्ये इतक्या तेजाची गरज नसते. मी ५ ते १० मिलिॲम्पिअरच्या वर क्वचितच जातो.

उदाहरणार्थ, १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर एक तांबडा एलईडी १० मिलिॲम्पिअरने चालवायचा असेल, तर १२ वजा २ म्हणजे १० व्होल्ट, त्याला ०.०१ ने भागून १००० ओम, म्हणजे एक किलो-ओम. तीन पांढरे एलईडी एकामागोमाग एकाच साखळीत लावले तर ते मिळून सुमारे ९.६ व्होल्ट घेतात, उरलेल्या २.४ व्होल्टसाठी १८० ओमचा रेझिस्टर लावला की साधारण १३ मिलिॲम्पिअर करंट वाहतो. चार पांढरे एका साखळीत लावायचा मोह टाळावा, कारण त्यांची गरजच १२ व्होल्टच्या पुढे जाते आणि ते मिणमिणतात किंवा पेटतच नाहीत. पाव वॅटचे रेझिस्टर या सर्व कामांना पुरतात.

सगळ्या एलईडींना मिळून एकच रेझिस्टर चालेल का?

समांतर जोडलेल्या एलईडींना चालणार नाही. एकाच पाकिटातल्या दोन एलईडींचे व्होल्टेजही किंचित वेगळे असते. ज्याचे कमी, तो जास्त करंट ओढतो, तापतो आणि आधी जातो. त्यानंतर त्याच्या वाट्याचा करंट उरलेल्यांवर पडतो. रेझिस्टर रुपया-दोन रुपयांना मिळतो, तबकडी पुन्हा फोडण्याची किंमत वेगळी असते.

सुटे एलईडी वापरावेत की एलईडीची पट्टी?

तबकडी आणि धड यांसाठी १२ व्होल्टची पट्टी उत्तम. तिच्यावर दर तीन दिव्यांनंतर कापायची खूण असते आणि प्रत्येक तुकड्यात रेझिस्टर आधीच असतो, त्यामुळे गणिताचा प्रश्न सुटतो. पट्टीच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर मात्र विश्वास ठेवू नये. वर्षभरात ती सुटते आणि दिवे आत लोंबू लागतात. दोन्ही टोकांना थोडे इपॉक्सी लावावे.

उष्णतेचीही काळजी घ्यावी. पॉलिस्टायरीन शंभर अंश सेल्सिअसच्या जवळपास मऊ पडते. कमी करंटवरचे एलईडी इतके तापत नाहीत, पण दाट दिव्यांची पट्टी हवाबंद नॅसेलमध्ये पूर्ण तेजाने तासन् तास ठेवली तर प्लास्टिक वाकू शकते. पट्टी ९ व्होल्टवर चालवली की तेज आणि उष्णता दोन्ही उतरतात, आणि यान उलट जास्त खरे दिसते.

पायलॉनमधून तारा जातच नाहीत. कशा न्याव्यात?

एंटरप्राइझची सर्वांत अवघड जागा हीच. पायलॉन पातळ आहेत, तिरके आहेत आणि वर नॅसेलचे वजन पेलतात. या यानाची पहिली प्लास्टिक किटे एएमटी कंपनीने १९६६ साली बाजारात आणली तेव्हापासून नॅसेल कालांतराने झुकण्याची तक्रार ऐकू येते. म्हणून इथे तारेची वाट आणि बळकटी यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

लहान किटमध्ये पायलॉनच्या आतल्या बाजूस पात्याने उभी खाच कोरावी, तिच्यात मोटर वाइंडिंगची वार्निश चढवलेली तांब्याची तार बसवावी आणि वरून इपॉक्सी किंवा लांबी (पुट्टी) भरून पॉलिश पेपरने सपाट करावे. वार्निशची तार केसासारखी बारीक असते आणि तिला वेगळे आवरण लागत नाही; डाग देण्यापूर्वी मात्र टोकाची वार्निश पात्याने खरवडून काढावी, नाहीतर कथील धरत नाही. मोठ्या किटमध्ये पोकळीतून बारीक पितळी नळी नेता येते. तिच्यातून तारा जातात आणि नॅसेलही ताठ राहतो.

तारा कमी करण्याचा एक साधा मार्ग म्हणजे सगळ्या दिव्यांचा धन ध्रुव एकच ठेवणे. मग प्रत्येक नॅसेलमध्ये एक सामाईक तार आणि प्रत्येक परिणामासाठी एकेक वेगळी तार एवढेच न्यावे लागते. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवावा. सगळ्या वार्निशच्या तारा सारख्याच तांबूस असतात, आणि रात्री अकरा वाजता कोणती कुठली हे आठवत नाही.

ऑप्टिकल फायबर कुठे वापरावे?

जिथे एलईडी मावत नाही आणि प्रकाशाचा अगदी सूक्ष्म ठिपका हवा तिथे. लहान मॉडेलच्या खिडक्यांसाठी ०.५ किंवा ०.७५ मिलिमीटरचा ॲक्रिलिक फायबर चालतो. भोक पाडून फायबर आतून बाहेर काढायचा, बाहेर दोन-तीन सेंटिमीटर लांब ठेवायचा, आतून फेविकॉलने धरायचा आणि सगळ्या टोकांची जुडी करून एका एलईडीपुढे बांधायची. बाहेरचे टोक रंगकाम पूर्ण झाल्यावर धारदार पात्याने पृष्ठभागालगत कापायचे. निपरने कापू नये, टोक चुरडते आणि ठिपका अंधुक होतो.

सुपरग्लू फायबरला लावू नये. त्याने फायबर ठिसूळ होऊन वळणावर तडकतो, आणि त्याच्या वाफेने जवळच्या पारदर्शक भागांवर पांढरी साय धरते. फेविकॉल वाळायला वेळ घेतो. तो वेळ द्यावा.

तबकडीच्या कडेवरच्या दिव्यासारखा थोडा फुगीर ठिपका हवा असेल तर फायबरचे टोक पेटत्या अगरबत्तीच्या निखाऱ्याजवळ, टेकवल्याशिवाय, क्षणभर धरावे. प्लास्टिक आक्रसून टोकाला टाचणीच्या डोक्यासारखी गोळी येते. मग फायबर उलट बाजूने, म्हणजे बाहेरून आत, ओवायचा. आधी चार-पाच तुकडे वाया घालवून हात बसवून घ्यावा.

नॅसेलच्या घुमटांतला फिरणारा प्रकाश कसा साधावा?

दोन मार्ग आहेत. मोठ्या किटच्या निर्मात्यांनी वेगळा विकलेला दिव्यांचा संच मोटरने पाती फिरवतो, म्हणजे मूळ चित्रीकरणाचीच युक्ती. परिणाम सुंदर असतो, पण मोटर गुणगुणते आणि पुढेमागे झिजते. बंद नॅसेलमध्ये झिजलेली मोटर बदलणे म्हणजे नॅसेल कापणे. मी दुसरा मार्ग धरतो : घुमटामागे वर्तुळात सहा ते आठ एलईडी लावून ते सीडी४०१७ या गणक आयसीने किंवा आर्डुइनो नॅनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाने क्रमाने पेटवायचे.

क्रमाने पेटवताना एक मालवल्यावर दुसरा लागला तर ते लग्नमंडपातल्या रोषणाईसारखे दिसते. आर्डुइनोने दिव्याला जाणाऱ्या विजेच्या झटक्यांची (पल्सची) रुंदी बदलून एक मंद होत असतानाच पुढचा उजळत नेला, तर प्रकाश सरकल्यासारखा भासतो. वर्तुळात नारिंगी, तांबडे, पिवळे असे मिश्र रंग ठेवावेत आणि मधोमध एक निळा किंवा हिरवा मंद, स्थिर ठेवावा. तो जाणवत नाही, पण काढला तर उणीव भासते. आतला घुमट आतून ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासून धुरकट करावा, म्हणजे एकेक एलईडी वेगळा दिसत नाही. बाहेरच्या घुमटाला आतून पारदर्शक नारिंगी रंगाचा अगदी पातळ हात पुरतो.

लुकलुकणाऱ्या दिव्यांसाठी मायक्रोकंट्रोलर लागतोच का?

नाही. हान्स कामेन्झिंड यांनी १९७१ साली रचलेला ५५५ टायमर आजही या कामाला पुरेसा आहे. १० किलो-ओम आणि ६८ किलो-ओम असे दोन रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की सुमारे दर सेकंदाला एकदा दिवा लागतो, त्यातला निम्म्याहून किंचित जास्त वेळ तो पेटलेला असतो. झटका छोटा हवा असेल तर मोठ्या रेझिस्टरवर एक डायोड समांतर टाकून रेझिस्टरांच्या किमती बदलाव्यात. रंगांच्या बाबतीत जहाजांचा आणि विमानांचा नियम पाळावा : डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा. डावे म्हणजे यानात पुढे तोंड करून बसलेल्याचे डावे, समोरून पाहणाऱ्याचे नव्हे. ही चूक प्रदर्शनातल्या मॉडेलमध्येही दिसते.

सांधे दिसू नयेत यासाठी काय करावे?

सिमेंट लावून भाग दाबले की वितळलेले प्लास्टिक सांध्यातून किंचित वर येते. ते दोन दिवस तसेच वाळू द्यावे आणि मग घासावे. उरलेल्या फटीत लांबी भरावी. लांबी आकसते, म्हणून दोनदा भरावी लागते. अस्तराचा हात मारल्यावर सांध्यावर तिरपा प्रकाश टाकून बोट फिरवावे. डोळ्याला न दिसलेली कड बोटाला कळते.

रंगकाम पावसाळ्यात करता येते का?

मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात लॅकर फवारून पाहिल्यास त्याचे उत्तर लगेच मिळते. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतले पाणी त्यावर धरते आणि रंगावर दुधाळ साय येते. शक्यतो कोरड्या दिवशी, दुपारी काम करावे. एसीच्या खोलीत हवा कोरडी असते, पण तिथे वायुवीजन नसल्याने फवारणी धोक्याची ठरते. धुळीच्या साध्या मास्कने थिनरची वाफ अडत नाही. त्यासाठी कार्बनच्या काडतुसाचा मास्क लागतो आणि खिडकी उघडी लागते.

रंगाची छटा कोणती, हा वाद या छंदात कधीच मिटलेला नाही. फिका राखाडी, त्यात हिरव्याची किंचित झाक, एवढ्यावर थांबावे. फवारणीआधी प्रत्येक खिडकीवर मास्किंग द्रवाचा थेंब ठेवायला विसरू नये.

डेकल लावताना त्याखाली चंदेरी चकाकी येते. का?

डेकलखाली हवा अडकते म्हणून. खरखरीत मॅट रंगावर डेकल कधीच नीट बसत नाही. आधी चकचकीत पारदर्शक थर द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा, डेकल पाण्यात पंधरा-वीस सेकंद बुडवून बाहेर ठेवावा आणि कागदावरून आपोआप सरकू लागल्यावरच जागेवर सरकवावा. खाली डेकल मऊ करणारे द्रावण लावल्यास तो कोरीव रेषांत बसतो. शेवटी मॅट थर. तबकडीवरचा नोंदणी क्रमांक वक्र रेषेत असतो. तो एका दमात न लावता अक्षर-अक्षर कापून लावणे मला सोपे जाते.

बॅटरी बरी की अडॅप्टर?

अडॅप्टर. नऊ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० मिलिॲम्पिअर-तास असतात. साठ मिलिॲम्पिअरच्या मॉडेलला ती जेमतेम आठ तास पुरते, आणि ती बदलण्यासाठी यानाला दार ठेवावे लागते. त्याऐवजी बैठकीत डीसी सॉकेट बसवावे आणि यान पितळी नळीवर उभे करून तारा तिच्यातून वर न्याव्यात. बारा साखळ्या प्रत्येकी पंधरा मिलिॲम्पिअरच्या धरल्या तरी १८० मिलिॲम्पिअर होतात, म्हणजे १२ व्होल्ट, १ ॲम्पिअरचा अडॅप्टर भरपूर झाला. नळीच्या वरच्या तोंडाची धार कानशीने मोडावी, नाहीतर यान फिरवताना ती तारेचे आवरण कापते.

आयसी, रेझिस्टर आणि आर्डुइनो हे सगळे शक्य तितके बैठकीतच ठेवावे. यानात फक्त एलईडी आणि तारा असल्या, तर बिघडू शकणाऱ्या बहुतेक गोष्टी एका झाकणाखाली, हाताशी राहतात. हे मला तिसऱ्या मॉडेलला सुचले.

यान बंद केल्यानंतर एखादा दिवा गेला तर?

आधी बैठकीत तपासावे. तारांची टोके बैठकीतल्या कनेक्टरला आणलेली असतील तर मल्टिमीटरच्या डायोड चाचणीने कोणती साखळी तुटली ते न उघडता कळते. अनेकदा बिघाड कनेक्टरमध्येच निघतो. साखळीच तुटली असेल, तर ती किती दिसते ते पाहावे. नॅसेलमधल्या आठांपैकी एक एलईडी गेला तर प्रोग्राममध्ये त्याची पायरी गाळता येते आणि फरक कळत नाही. तबकडीतली एक पट्टी गेली तर त्या भागातल्या खिडक्या काळ्या होतात, आणि मग बनवणाऱ्याने ठरवायचे की तिथले प्रवासी झोपले आहेत असे समजायचे की करवत काढायची.

मी एकदा करवत काढली आहे. पात्याने सांधा ओळखून त्यावर वीस-पंचवीस वेळा हलक्या हाताने रेघ ओढत गेल्यावर तबकडी सुटली, आणि आत दिसले की एक रेझिस्टर तारेपासून केसभर दूर उभा होता. मी तिथे डाग दिलाच नव्हता. वाकवलेल्या पायाच्या नुसत्या स्पर्शावर तो रेझिस्टर तीन आठवडे चालला होता.

लहान मुलांना सोबत घेऊन करता येईल का?

जोडणी, डेकल आणि अगरबत्तीवर फायबरची गोळी करणे ही कामे दहा-बारा वर्षांची मुले मोठ्यांच्या देखरेखीखाली आनंदाने करतात. पाते, इस्त्री आणि फवारणी मोठ्यांनी स्वतःकडे ठेवावी. ५५५ चे सर्किट ब्रेडबोर्डवर, म्हणजे डाग न देता भाग नुसते खोचायच्या पाटीवर, त्यांनाच जोडू द्यावे. कपॅसिटर बदलल्यावर लुकलुकण्याचा वेग बदलतो हे त्यांच्या हाताने घडले पाहिजे.

तयार यान कुठे ठेवावे आणि धूळ कशी झटकावी?

थेट उन्हात ठेवू नये. पारदर्शक भाग पिवळे पडतात आणि नॅसेल वाकण्याला मदत होते. ॲक्रिलिकची पेटी करून घेणे सर्वांत चांगले, पण तिच्यात वायरला जागा आणि मागे दोन-चार भोके ठेवावीत. पेटी नसेल तर मऊ केसांच्या मेकअपच्या ब्रशने आठवड्यातून एकदा धूळ काढावी, नेहमी पुढून मागे, म्हणजे बाहेर राहिलेले फायबरचे गोळीदार टोक उलट दिशेने ओढले जात नाही. ओले फडके डेकलवर फिरवू नये.